सोमवारची प्रेरणा

"ॲप्लास्टिक ॲनिमिया," डॉक्टर म्हणाले, आणि त्याच दमात, "गूगल करू नका." मी त्यांच्यासमोर बसूनच गूगल केलं. नीट समजावून सांगायला तुमच्याकडे वेळ नसेल, तर माणसं दुसरं काय करणार?

माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, मांडीवर काळेनिळे डाग पडायचे. आम्ही आधी टूथब्रश बदलून पाहिला. मग नायगावातल्या आमच्या डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी करायला लावली, आणि रिपोर्ट पाहून त्याला तडक परळच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे बोन मॅरो टेस्ट झाली. हाडांच्या आत मऊ मगज असतो, त्यात आपलं रक्त तयार होतं. कमरेच्या हाडात सुई घालून त्या मगजाचा नमुना काढतात. सिद्धार्थचा मगज जवळजवळ रिकामा होता. माझे वडील गिरणीत होते, म्हणून आईला मी एवढंच सांगितलं की आतली गिरणी बंद पडलीय.

उपाय होता. बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या निरोगी मगजातल्या पेशी रुग्णाला देणं. त्यासाठी एचएलए जुळावं लागतं. साध्या भाषेत, दोघांच्या पेशींनी एकमेकांना आपलं मानलं पाहिजे. सख्ख्या भावंडांत याची शक्यता सगळ्यात जास्त असते. माझं जुळलं. डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "वेळ घालवू नका," ते म्हणाले. "आज त्याच्या अंगात इन्फेक्शन नाहीये. उद्या झालं तर मी हेच सांगेन असं नाही."

मी तयार होते. सिद्धार्थही तयार होता. आई नाही म्हणाली.

तिला वाटत होतं, माझं हाड पोकळ होईल. दोन्ही लेकरं एकदम टेबलावर झोपवायची, आणि दोन्ही उठली नाहीत तर? मी डोकं फोडून सांगितलं की माझा मगज काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो. ऐकेल तर शपथ. आणि सिद्धार्थ असा की आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की याची जीभ टाळ्याला चिकटते. "थोडं थांबूया ना ताई," तो म्हणायला लागला. तो थांबायचं म्हणत होता आणि इकडे दर आठवड्याला त्याला रक्त चढत होतं.

आईला बळ मिळत होतं एका व्हॉट्सॲप ग्रुपमधून. 'हिंमत परिवार'. रक्ताच्या आजारांच्या रुग्णांचे नातेवाईक त्यात होते. इस्पितळातल्या बाकावर कुणीतरी मलाही त्यात घातलं, मी आईला घातलं. खोटं कशाला बोलू, या ग्रुपने आम्हाला खूप दिलं. प्लेटलेट्स हव्यात म्हटलं की शीव, लालबाग, कॉटन ग्रीन, कुठून कुठून माणसं येऊन बाहेर उभी राहायची. कुठल्या काउंटरला आधी जायचं, बाहेरचं काय खायचं नाही, सगळं तिथेच कळलं. चाळीतले लोक पपईच्या पानांचा रस घेऊन येत होते तेव्हा या अनोळखी लोकांनी शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या.

ग्रुपचे ॲडमिन दादरचे कर्णिक सर. बँकेतून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे. त्यांनी बायकोच्या आजारपणात हा ग्रुप सुरू केला होता. नियम एकच, इथे फक्त चांगल्या बातम्या टाकायच्या. दर सोमवारी सकाळी ते 'सोमवारची प्रेरणा' टाकायचे. कोणाचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, वाढले, कोण घरी गेलं, कोण परत कामाला लागलं. खाली फुलं आणि जोडलेले हात.

आईची लाडकी प्रेरणा रोहितची. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या मीनाताईंचा मुलगा. त्यालाही हाच आजार. फोटोत तो गादीवर बसून इडली खातोय, आणि मीनाताईंनी लिहिलंय, ट्रान्सप्लांट न करता गोळ्यांवर काउंट वाढतायत. तो मेसेज आला की आई मला फोन दाखवायची. "बघ. हा पोरगा गोळ्यांवर उभा राहिला. आपला नाही राहणार?"

डॉक्टर म्हणत होते, गोळ्यांनी काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आणि वाट बघण्यात धोका आहे. पण डॉक्टरांचं "काहींना" आणि इडली खाणारा रोहित, यांत आई कोणाला निवडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग सिद्धार्थला ताप आला. त्या वेळी उतरला. पण मी ठरवलं, मीनाताईंनाच विचारायचं, कोणत्या गोळ्या, किती दिवस. सर टाकायचे त्या मेसेजखालीच त्यांचा नंबर होता. दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फोन लावला.

मी नाव सांगितलं, हिंमत परिवारमधून बोलतेय म्हटलं, रोहित कसा आहे विचारलं.

मग त्या म्हणाल्या, "अगं, तुला कोणी सांगितलं नाही? रोहित जाऊन वर्ष होत आलं."

"मग त्या गोळ्यांचं काय झालं?" मी विचारलं.

गोळ्यांनी काउंट वाढले होते, हे खरं होतं. नंतर ते पडले, आणि फुप्फुसात बुरशीचं इन्फेक्शन झालं. त्याला भावंड नव्हतं, बाहेर कुणाचं जुळलं नाही. गोळ्या ही त्यांची निवड नव्हती, तेवढंच हातात होतं. "तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला," मीनाताई म्हणाल्या. "म्हणाले, ताई, काही दिवस तुम्हीच ग्रुपमधून बाहेर पडा, बाकीच्यांचा धीर सुटतो. मी पडले. काय भांडणार होते तेव्हा?"

असं किती जणांना सांगितलं असेल? आपणहून बाहेर पडणारा माणूस ग्रुपवर कोणाला दिसत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. आम्ही सगळे त्या ग्रुपवर बसून टाळ्या वाजवत होतो आणि ज्यांचं माणूस गेलं ते मागच्या दाराने निघून जात होते. आणि त्यांचे जुने, आशेचे मेसेज दर सोमवारी परत येत होते. माझी आई गेलेल्या पोराचा फोटो पाहून जिवंत पोराचा निर्णय घेत होती.

मी मीनाताईंना म्हटलं, माझ्या आईशी बोलाल का? कोणावर असं ओझं टाकू नये, हे मला कळत होतं. त्या म्हणाल्या, "लाव फोन."

घरी पोचल्यावर मी स्पीकर लावून मोबाइल आईसमोर ठेवला. "जयभीम ताई," आई म्हणाली, नेहमीसारखी. "जयभीम," पलीकडून आवाज आला. मग मीनाताईंनी सगळं सांगितलं, रडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "माझ्या पोराला बहीण असती ना, तर मी तिच्या पाया पडले असते. तुमच्या घरात ती आहे. आणि तुम्ही तिला अडवताय."

फोन बंद झाल्यावर आईने माझ्या कमरेवर हात ठेवला, जिथून मगज काढणार होते तिथे, आणि म्हणाली, "किती दुखतं गं?"

दुखतं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, भूल देऊन काढतात, उठल्यावर कंबर ठेचल्यासारखी होते, काही दिवस जिना चढवत नाही. बस. हाड पोकळ होत नाही. सिद्धार्थचं मात्र फार कठीण गेलं. आधी जोरदार औषधांनी त्याचा उरलासुरला मगज संपवला, मग माझ्या पेशी दिल्या. बंद खोली, काचेपलीकडे आम्ही, तोंडात फोड, पाणीही गिळवेना. रोज सकाळी रक्त तपासायचे आणि काउंट शून्याच्या आसपास. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, "पेशी रुजल्या." एवढंच. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, त्यांचं ते गूगल प्रकरण माफ करून.

सिद्धार्थ घरी आला, त्यानंतरच्या सोमवारी आईने फोन माझ्यापुढे धरला. सोमवारची प्रेरणा. माझ्या भावाचा मास्कमधला फोटो. "सकारात्मक विचारांचा विजय." आम्हाला कोणी विचारलंही नव्हतं. फोटो आईनेच कधीतरी आनंदाने सरांना पाठवला होता.

मी तशीच दादरला गेले. दार सरांनीच उघडलं. मी उंबऱ्यातच सुरू झाले. "सकारात्मक विचारांनी नाही, माझ्या हाडातून काढून दिल्यामुळे तो जगलाय. आणि रोहितचं काय? त्याला तुम्ही दर महिन्याला इडली खायला का बसवता? त्याच्या आईला विचारलंत कधी?"

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोक खचतात, वैशाली. तुम्ही इस्पितळात होता, तुम्हाला माहितीये."

"खचू देत. खचून निर्णय घेतील. फसून नको."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "शुभदा जाऊन चार वर्षं झाली." शुभदा म्हणजे त्यांची बायको, जिच्यासाठी ग्रुप निघाला होता. सगळे समजत होते की ती बरी झाली. "ती गेल्याचं ग्रुपवर टाकायला बसलो, तर कोणीतरी विचारलं, सर, मॅडम कशा आहेत, आमचा आज इस्पितळात पहिला दिवस आहे. मी लिहिलं, छान आहे. मग नंतर कसं लिहिणार?"

मला वाईट वाटलं. पण माझा राग गेला नाही, आणि तो गेला असं मी लिहिणारही नाही. त्यांनी स्वतःचं दुःख झाकलं तो त्यांचा प्रश्न, पण तो नियम त्यांनी आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर ठेवला. मी म्हटलं, "लिहा सर. आज लिहा. नाहीतर मी लिहिते." आणि निघाले.

संध्याकाळी ग्रुपवर सरांचा मेसेज आला. शुभदा गेली, चार वर्षांपूर्वी, मी सांगितलं नाही, माफ करा. खाली रोहितचं नाव, आणि मीनाताईंना त्यांनी परत ग्रुपमध्ये घेतल्याचं. काही जण चिडून बाहेर पडले. एकाने लिहिलं, याची काय गरज होती.

मग नव्याने आलेल्या एका बापाने विचारलं. त्याच्या मुलीला हाच आजार, धाकट्या भावाशी जुळलंय, पण घरचे म्हणतात आधी गोळ्यांवर बघू. काय करू?

मी टाइप करायला घेतलं. माझं व्हायच्या आत मीनाताईंचा मेसेज आला होता. "उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जा. घरच्यांना माझा नंबर द्या."