दादांचा शब्द आणि दहाव्याचा कावळा

मंगळवारी सकाळी दादा वारले.

दादा म्हणजे माझे वडील. चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे. मी शाळेत मराठी शिकवतो. शब्दकोशात ‘वाटोळं’ म्हणजे संपूर्ण नाश. आमच्या घरात वाटोळं म्हणजे चहात साखर कमी! भाकरी करपली, वाटोळं. शेंगाचटणीत लसूण कमी पडला, वाटोळं. मी स्क्रू उलटा पिळला, तर समूळ वाटोळं! “दादा, हा शब्द एवढ्या-तेवढ्याला वापरत नाहीत,” असं मी एकदा समजावलं. “मास्तर झालास आन् वाटोळं झालं बघ तुझं,” ते म्हणाले.

मात्र कारखाना खरोखर बंद पडला, त्या संध्याकाळी घरी येऊन ते एवढंच म्हणाले, “उद्यापासून डबा नको.”

दहाव्याला आम्ही तळ्याकाठी गेलो. पिंड मांडला आणि कावळ्याची वाट पाहू लागलो. लिंबावर एक कावळा होता. तो आमच्याकडे बघेना!

“कायतरी मनात ऱ्हायलंय त्याच्या,” मोडनिंबची आत्या म्हणाली. “कबूल करा काय ते!”

बायकोनं पदर सावरून हात जोडले. “मामंजी, चटणीत लसूण कमी पडू देणार नाही.”

कावळ्यानं मान वळवली.

मग मी खिशातून कागद काढला. (हो, मी लिहून नेलं होतं. शुद्धलेखन तपासून!) “पूज्य दादा, आपले अपूर्ण मनोरथ सिद्धीस नेण्यास आम्ही कटिबद्ध...”

“आरं, कावळा हाय त्यो!” आत्या खेकसली. “त्याला काय दहावीच्या परीक्षेला बसवतोस?”

तेवढ्यात कावळा उडाला. आम्ही सगळे श्वास रोखून मागे सरकलो. तो थेट शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर उतरला, चोच मारून परत लिंबावर जाऊन बसला!

“आमचं झालं,” शेजारी संकोचून म्हणाले. “चालू द्या तुमचं.”

ऊन तापलं. गुरुजी घड्याळ बघू लागले. “दर्भाचा कावळा करून शिववू का?” त्यांनी विचारलं.

“न्हाय!” आत्याचे डोळे भरले. “भाऊ माझा असा अडकून ऱ्हायचा न्हाय. खरा कावळाच शिवंल.”

मलाही गलबलून आलं. काहीतरी करायला हवं, म्हणून पिंड कावळ्याला नीट दिसावा असा सरकवायला मी पुढे झालो. धोतराची सवय नाही. सोगा पायात आला, मी कोलमडलो, हात पत्रावळीवर पडला आणि दादांचा पिंड घरंगळत थेट धुळीत!

तशी आत्यानं दादांच्याच आवाजात बोंब ठोकली, “वाटोळं केलंस की रं, पुस्तक्या!”

आणि फडफड झाली. कावळा सरळ खाली आला, माझ्यापासून हातभर अंतरावर. धुळीतल्या पिंडाला त्यानं चोच मारली, एकदा नव्हे, दोनदा!

“शिवला! शिवला!” आत्या रडता रडता हसायला लागली. “तुझं वाटोळं बघितल्याबिगर जीव निगंना त्याचा!” बायको पदराआड हसत होती. गुरुजींनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. आणि मी धुळीत पालथा पडून, दहा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडत होतो, आणि हसतही होतो.

आता घरात दादांचा चष्मा आहे, पान्यांची पेटी आहे आणि वाटोळं करायला मी आहे.