काकांचा चुकलेला डाळिंबी

रंगारीकाकांनी उभ्या जन्मात रंग तोलून टाकला नाही. पूड चिमटीत धरायची, उकळत्या पातेल्यावर झटकायची, मीठ ओंजळीनं लोटायचं आणि कापड काठीनं घोळवत राहायचं. मग टोक पिळून उंबऱ्यावर न्यायचं, उजेडात धरायचं. मनासारखं नसलं तर आणखी एक चिमूट. "तोलतो तो वाणी," असं ते छाती काढून सांगायचे. डाळिंबी म्हणा, शेवाळी म्हणा, नाव काढायचा अवकाश, रंग त्यांच्या डोक्यात आधीच भिजत पडलेला असायचा.

वय झालं तसा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चढला. पण तो इतका सावकाश आला, की काकांना वाटलं जगच जरा मळलंय. त्यात त्यांचा डाळिंबी मात्र गल्लीत गाजायला लागला. शेजारची शिंपीणबाई म्हणायची, "दुसऱ्यांचा डाळिंबी नुसता लालभडक, कुसळासारखा डोळ्यांत जातो. काकांचा कुणाच्याही अंगावर खुलतो." काकांना काय, कौतुक ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं.

एक दिवस काका भरल्या बादलीत पाय घालून पडले. काकूंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी उजवा डोळा केला, डाव्याची तारीख पुढची दिली.

पट्टी निघाली, काका घरी आले आणि मागल्या दारी रंगवलेली कापडं वाळत घातलेल्या दोरीसमोर थबकले.

"हा जांभळा कुणाचा?"

"जांभळा कुठला? डाळिंबी आहे. तुमच्याच हातचा."

काकांनी उजवा डोळा मिटला. डाळिंबी. डावा मिटला. जांभूळ पिळून ओतल्यासारखं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. शेवटी काकूच म्हणाल्या, "गल्लीतल्या बायका बघतायत. डोळे काय मारताय?"

तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मोतीबिंदूनं निळाई गिळली होती, आणि ती भरून काढायला ते वर्षानुवर्षं निळ्या पुडीच्या चिमटी वाढवत आले होते. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका बघायला ते दारात गेले. निम्मी गल्ली त्यांनी जांभळी करून सोडली होती. काका पायरीवर बसले आणि पोट धरधरून हसले.

संध्याकाळी शिंपीणबाई पांढऱ्या ओढण्यांचा गठ्ठा घेऊन आली. गाण्याच्या मंडळाच्या होत्या. काका म्हणाले, "बाई, आजवर चुकत होतो. आता खरा डाळिंबी करून देतो."

"खरा तुमच्याकडेच ठेवा. मंडळाला चुकलेलाच पाहिजे."

काकांनी नव्या डोळ्यानं मुद्दाम चुकायचा प्रयत्न केला. पण आयुष्यभर बरोबर करायची सवय. निळ्याची दुसरी चिमूट टाकायला हातच धजेना. ओढणी निघाली ती ना लाल ना जांभळी, भिजल्या विटेसारखी. मग उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून बसले, तर रंग पहिल्या फटक्यात उतरला. काकांचा चेहरा पडला. डावा डोळा साफ झाला की हा रंग गेलाच म्हणायचा.

"डावा राहू दे," ते म्हणाले.

"एका रंगापायी आंधळे होताय?"

"आंधळा कुठं? निम्मा."

"आणि परत बादलीत पडलात की निम्मेच उचलू का?" काकू उठल्या त्या थेट सोनाराकडून छोटा काटा मागून घेऊन आल्या. काटा बघताच काका पाटावरून उसळले. "माझ्या रंगाला काटा? मी काय वाणी?"

"तुम्ही कुठं तोलायचंय? चिमटी तुमच्या, काटा माझा. तो रुमाल बांधा. अगदी चोर दिसताय."

काका आणखी एक ओढणी रंगवत राहिले, तोंडानं पुटपुटत राहिले. काकूंनी लाल आणि निळ्या पुडीचे डबे आधी तोलले आणि रंग उतरल्यावर परत तोलले. जेवढी पूड गेली तेवढ्याच वजनाची बारीक वाळू औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्यांत भरली. एकीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीला निळा. मीठही मापानं बाजूला काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच गठ्ठ्यातली एक ओढणी काकूंनी एकटीनं रंगवायला घेतली. बाटलीतली वाळू एका पारड्यात, पूड दुसऱ्यात. काकांना पाठ करून पायरीवर बसायचा हुकूम होता. शिंपीणबाई पहारा द्यायला. काका आवाजावरून ओळखून सुरू झाले, "काठी जोरात मार. डाग पडतील."

"पुढं बघा," शिंपीणबाई म्हणाली.

ओढणी धुऊन, वाळवून काकूंनी त्यांच्या मांडीवर टाकली. काकांनी उजवा डोळा मिटला आणि कापड उजेडात धरलं.

"डाळिंबी," ते हळूच म्हणाले.

मग डावा मिटला. "आणि हा जांभळा. अगदी वाईट जांभळा."

"हाच," शिंपीणबाई म्हणाली आणि ओढणी हिसकूनच घेतली.

काकांनी खांदे सैल सोडले. "डॉक्टरांची तारीख कधीची?"

"उद्याची. पण बाकीच्या ओढण्या राहिल्यात."

"त्या तू कर. वाण्याच्या हातचा रंग आहे तो." काका हसत आत वळले. "फक्त मी परत यायच्या आत दोरीवरून काढ. दोन्ही डोळ्यांनी बघवायचा नाही."