आत्याबाईचा खटका

कवळीवाल्या काकांच्या खोलीत पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकायचा. खिडकीच्या फळीवर ओळीनं लोकांचे दात हसत बसलेले, आणि वर छताला तारेनं टांगलेली, अजून दहा हजार वर्षांनी बांधली जाणार असलेली अंतराळयानं. दात पोटासाठी आणि यानं जिवासाठी, असं काका सांगत. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. पोटाचा काय आणि जिवाचा काय, भुगा शेवटी माझ्याच फडक्याला लागतो, असं त्या म्हणत. आणि ते खरंच होतं म्हणा. त्या घरात प्लास्टरची पांढरी पूड कपाटातल्या घडीच्या चादरींपर्यंत पोचली होती. काकूंच्या खांद्यावरचं फडकं झोपतानाच काय ते खाली उतरायचं.

काम असं असे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. काका त्याचा साचा पाडत, त्यावर मेणात एकेक दात बसवत, मग गुलाबी हिरड्या घडवत आणि शेवटी चाकावर घासून चकचकीत करत. तयार कवळी पत्र्याच्या डबीत घालून दवाखान्यात पोचवायची ती काकूंनी. उरलेलं मेण, उरलेलं प्लास्टर, झिजलेल्या कोरण्या, फुटके दात यातलं काही म्हणून काका फेकू देत नसत. संध्याकाळ झाली की त्याच टेबलावर त्याच सामानातून यान उभं राहू लागे.

मुलांच्या एका साप्ताहिकाचे संपादक एकदा स्वतःच्या पुढच्या दातांसाठी आले होते. दात राहिले बाजूला, मान वर करून ते छताकडेच बघत बसले. तेव्हापासून साप्ताहिकातल्या अंतराळाच्या चित्रकथेतली सगळी यानं आणि सगळी हत्यारं काकांची. काका नमुना करून द्यायचे, तिकडचा चित्रकार तो समोर ठेवून चित्र काढायचा.

आणि यानं तरी कसली! काकांचं एकही यान दोन्ही बाजूंनी सारखं नसे. कुठल्या माणसाचं तोंड दोन्ही बाजूंनी सारखं असतं, मग यानाचं का असावं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या काळात यानं कारखान्यात ठोकून बनवणार नाहीत, ती वाढवतील, हेही त्यांनीच ठरवून टाकलं होतं. यानाचं कवच दाताच्या वरच्या थरासारखं, वर्षानुवर्षं एका मोठ्या हौदात थर चढवत वाढवलेलं. चीर पडली की हाड सांधतं तसं आपलं आपण सांधणारं. पुढे जबडा. वाटेत भेटतील ते दगडधोंडे यान चावून खाणार आणि त्यावरच चालणार. चित्रकारानं एकदा विचारलं, एवढा दगड खाऊन पुढे काय? काकांनी शांतपणे यान उलटं करून मागचं दार दाखवलं. चित्रकार आठवडाभर हसत होता.

नावं मात्र घरचीच. संकटात धावून येणारं गोलमटोल यान म्हणजे मावशी. सगळ्यांच्या आधी बातमी घेऊन पोचणारं चपळ यान म्हणजे धाकटी जाऊ. सावकाश चालणारं, कुरकुरणारं मालवाहू यान म्हणजे मामंजी. आणि सगळ्यात मोठी युद्धनौका, जिच्या नुसत्या सावलीनं शत्रू गप्प होई, ती आत्याबाई. काकांना लहानपणी एक खरीखुरी आत्याबाई होती, तिच्यासमोर घरातल्या मोठ्या माणसांचीही बोबडी वळायची.

"तुमची आई होती म्हणून वाचली," काकू म्हणत. "नाहीतर या घरात युद्धनौकेचं नाव सासूबाई पडलं असतं."

हत्यारांच्या बाबतीत काकांची एक रीत होती. हत्यार कुठलंही सांगा, ते आधी खुर्ची करत. ते चालवणारा माणूस कुठे बसणार, त्याला पाय पसरता येतील का, खिडकीतून त्याला काय दिसेल, चहाचा कप कुठे ठेवेल, हे सगळं झालं की मग तोफ. एकदा त्यांनी गंजतोफ केली होती. तिचा झोत लागला की लोखंडाचं वय एका क्षणात हजार वर्षांनी वाढायचं आणि आख्खं यान गंजून गळून पडायचं. त्या तोफेची खुर्ची खिडकीकडे पाठ करून होती. हे एकदा बघितलेला माणूस दुसऱ्यांदा तिथे बसणार नाही, म्हणून पाठ, असं काका म्हणाले.

दुसऱ्या एका वेळी संपादकांना असं हत्यार हवं होतं, की शत्रूच्या यानाची सगळी दारं एकदम उघडतील आणि आतली माणसं बाहेरच्या पोकळीत फेकली जातील. काकांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग चक्क नाही म्हणून सांगितलं. "याची खुर्ची होत नाही," ते म्हणाले. "मी कोणाला बसवू तिथे?" संपादकांना गोष्टच बदलावी लागली. काकू तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आपण एका चांगल्या माणसाच्या पदरी पडलो आहोत, हे त्यांना त्या दिवशी पुरतं कळलं. सांगितलं मात्र नाही. नवऱ्याला असं तोंडावर सांगितलं की तो शेफारतो.

तर अशा या माणसाचा हात थरथरू लागला.

काकूंना आधी कळलं ते चहावरून. काका अर्धाच कप मागू लागले. पोट जड वाटतं, म्हणाले. मग कोणी आलं की चहाच नको म्हणू लागले. उजवा हात टेबलाखाली मांडीवर जाऊन बसायचा आणि पाहुणा उठेपर्यंत वर यायचा नाही. काकूंनी सगळं पाहिलं आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. बोललं की ते खरं होऊन बसेल, अशी त्यांना भीती होती. कवळ्या बंद पडल्या तरी काहीतरी करू, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. पण यानं बंद पडली तर हा माणूस उरेल कसा?

आणि नेमकं त्याच सुमारास संपादक शेवटच्या भागाचं काम घेऊन आले.

"काका, चित्रकथा संपवतोय. शेवट दणक्यात हवा," ते म्हणाले. "आत्याबाईवर असं हत्यार बसवा, की एक खटका ओढला की शत्रूचा सूर्य विझला पाहिजे. सगळे ग्रह अंधारात. कप्तान खुर्चीत बसतो, हात पुढे करतो, खटका ओढतो. त्याचा तो हात मोठा करून दाखवायचाय."

हा कप्तान म्हणजे मुलांच्या गळ्यातला ताईत. त्याची ख्यातीच ही, की काहीही होवो, त्याचा हात कधी थरथरला नाही. दर भागात कुठेतरी हे वाक्य असायचंच. काका मान खाली घालून ऐकत होते. काकूंना संपादकांचा असा राग आला, की त्यांनी बिस्किटांची बशी त्यांच्यासमोरून उचलून नेली. बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

काका कामाला लागले. खटक्यासाठी गुलाबी हिरडीच्या सामानाची तळहाताएवढी पाटी केली. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ खाच कोरायची आणि त्या खाचेतून खटका सरकवायचा. इतकंच. काकांनी ती खाच कोरली आणि पूड बसू नये म्हणून पाटी डबीत ठेवून दिली. तिच्या शेजारीच एका आजोबांची खालची कवळी डबीत होती. डब्या सगळ्या सारख्या. काकू घाईत होत्या, हाताला लागली ती डबी उचलली आणि दवाखान्यात देऊन आल्या.

दुपारी डॉक्टरांचा फोन. "काकू, तुम्ही पाठवलेलं मी पेशंटच्या तोंडात बसवलं, तर आजोबा जांभई देतील आणि शेजारची इमारत उडेल."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर स्वभावानं चांगले, कवळी न्यायला आणि पाटी परत द्यायला स्वतःच आले. हसत हसतच आत शिरले. डबीतून पाटी काढली, उजेडात धरली आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं. खाच सरळ नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक बारीक नागमोडी गेली होती.

"काका, हात बघू," डॉक्टर म्हणाले.

काकांनी हात टेबलाखालून काढला नाही.

"गेल्या काही कवळ्यांच्या कडेलाही अशाच लाटा होत्या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "मी घासून घेत होतो. सांगायला जीभ रेटत नव्हती. पण आता हाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि तोवर दात नको. माणसाच्या तोंडाचा प्रश्न आहे."

डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. ते गेल्यावर काका उठले, पाटी कचऱ्याच्या बादलीत टाकली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. "उद्या संपादक येतील," ते म्हणाले. "त्यांना म्हणावं, दुसरा माणूस बघा. सूर्य विझवायचा तर हात तसा हवा."

काकूंचा पारा चढला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. बादलीतून पाटी काढत त्या बोलू लागल्या. "जन्मभर पूड पुसली मी. चादरी झटकल्या. आत्याबाई छतावरून माझ्या डोक्यावर पडली तेव्हाही हूं की चूं केलं नाही. ते काय हे असं बादलीत बघायला? हात थरथरतो तर थरथरू दे. डोकं शाबूत आहे ना?" पाटीला चहाचा चोथा लागला होता, तो त्यांनी फडक्यानं पुसला. टेबलावर पडलेला खटका उचलून खाचेत घातला आणि पुढे लोटला. तो पहिल्याच वळणाला अडकला. जोर लावला. हलेना. "हेही तुमच्यासारखंच अडेलतट्टू," त्या म्हणाल्या आणि मग त्यांना रडूच फुटलं.

काका खिडकीपासून वळले. त्यांनी पाटी काकूंच्या हातातून घेतली आणि टेबलाशी पाठमोरे बसले. मग त्यांची पाठ हलायला लागली. काकूंना वाटलं, हेही रडतायत. जवळ जाऊन बघतात तो काका हसत होते.

"मेण गरम कर," ते म्हणाले. "खुर्ची करायची राहिलीय. मी सांगतो, तू लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादक आले. टेबलावर आत्याबाई मांडली होती आणि तिच्याशेजारी मोठ्या आकारात कप्तानाची खुर्ची आणि खटक्याची पाटी. खुर्चीचं मेण जरा जाडसर लागलं होतं, पण काकूंच्या पहिल्या हाताला ते पुष्कळ होतं. ही खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती आणि खिडकीच्या मधोमध सूर्य होता. सूर्य म्हणजे कोणाचीतरी सोन्याची दाढ.

संपादकांनी कौतुकानं खटका धरून ओढला. खटका अडकला. पुन्हा ओढला, पुन्हा अडकला.

"अडकतोय काका. खाच वाकडी झालीय," ते म्हणाले. "होईल ना दुरुस्त?"

काकांनी टेबलाखालून उजवा हात वर काढला. सगळ्यांच्या देखत तो हवेत थरथरत होता. काकांनी खटका नुसता चिमटीत धरला, जोर असा लावलाच नाही. हात थरथरत राहिला आणि प्रत्येक वळण सोडवत खटका गुपचूप या टोकाचा त्या टोकाला गेला.

"विझला," काका म्हणाले.

संपादक आधी खटक्याकडे बघत राहिले, मग हाताकडे. "म्हणजे आमच्या कप्तानाला हे..."

"जमणार नाही. त्याचा हात कधी थरथरत नाही, तुम्हीच लिहिता. ज्यांनी आत्याबाई वाढवली त्यांनी मुद्दाम अशी खाच कोरली. एवढ्या लोकांचा उजेड घालवताना ज्याचा हात थरथरत नाही, त्याला हे चालवताच येऊ नये."

"आणि ज्याचा थरथरतो?"

"तो कशाला ओढेल?" काका म्हणाले.

"तुम्ही तर आत्ताच ओढलात."

"तुम्हाला दाखवायला," असं म्हणून काकांनी खटका परत जागेवर आणून ठेवला.

संपादकांनी खिशातून रुमाल काढला. मग नाक शिंकरलं आणि ते म्हणाले, शेवट बदलतो. चित्रात तो हात दाखवायचाच आहे, पण चित्रकाराला तुमचा हात बघायला पाठवतो. आणि पुढची चित्रकथा लागलीच सुरू करायचीय, त्यातली यानं कोण करणार?

"मी सांगणार, ही करणार," काका म्हणाले. "एका यानाला हिचं नाव द्यावं लागेल बहुतेक."

"खबरदार," काकू म्हणाल्या.

त्यांनी चहा आणला. संपादकांच्या पुढ्यात बिस्किटांची बशी परत ठेवली. मग काकांचा कप घेतला, अर्ध्यावर न थांबता काठोकाठ भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि उजव्या हातानं कप उचलला. थोडा चहा बशीत सांडला, थोडा टेबलावर, थोडा आत्याबाईच्या जबड्यावर. फडकं काकूंच्या खांद्यावरच होतं, आणि काकांचा कप रिकामा होईपर्यंत त्यांनी त्याला हात लावला नाही.