तुरटीची चव

दाढी झाल्यावर न्हाव्यानं गालावर तुरटी फिरवली आणि एक थेंब ओठावर ओघळला. ती चव लागली की अजूनही माझी मान खाली जाते.

इंग्रजी अमदानीत नागपुरात आमचं रंगाऱ्याचं घर होतं आणि मी कॉलेजात रसायन शिकत होतो. एकदा धरमपेठेतले दोन वर्गमित्र घरी आले. अंगणात झाडाच्या मुळ्यांचा लाल रंग उकळत होता. बाबांनी तुरटीच्या पाण्यातलं सूत उचललं आणि जिभेला लावलं. तुरटी पुरती मुरली की नाही, हे ते असंच ओळखत. मित्र हसले. मीही हसलो, त्यांच्याहून मोठ्यानं.

"काहून हासून राहिला गा?" बाबा म्हणाले. "तुरटी एका हातानं सूत धरते अन् दुसऱ्यानं रंग. ती नसली त पहिल्याच धुण्यात रंग जाते."

"तुमाले रसायन नाही समजत, बाबा," मी म्हणालो. त्यांनी सूत पिळलं आणि रंगात सोडलं.

पुढे पुस्तकात तेच वाचलं: तुरटीतला धातू धाग्यालाही बांधून घेतो आणि रंगालाही. तीस वर्षं मी वर्गात तो बंध शिकवला, दोन हातांचाच दाखला देऊन. मुलं म्हणायची, "सर, किती सोपं करून सांगता!" ते शब्द बाबांचे, हे सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही.