चूल न पेटवता नाश्ता
पिकल्या पपईचा वास आला की मला नवा रायपूरमधली ती सकाळ आठवते आणि तोंड कडू होतं. तेलीबांध्याच्या तलावाकाठच्या झोपड्या उठवून तिथल्या बायकांना नव्या इमारतींत आणून टाकलं होतं. त्यांची कामं दूर जुन्या रायपूर शहरातच राहिली आणि बस एकही नव्हती. बसच्या अर्जावर मला त्यांच्या सह्या हव्या होत्या. नुसत्या अर्जासाठी कोण जमतं, म्हणून मी बिनचुलीचा नाश्ता शिकवायचं पत्रक वाटलं. दह्यात पपई-केळं चिरलं, भिजवलेले पोहे कालवले, वर गूळ घातला. धुणीभांडी करणारी एक काकू वाटी चाटून म्हणाली, "मस्त झालं व पोट्टी, पण दही इथं भेटते कुठं? शहरात जाऊन तात्यापाऱ्यातून आणतो म्हटलं त सांजच होईन!" सगळ्या खदखदून हसल्या. तेवढ्यात ज्यांच्या नावे अर्ज होता ते सरकारी साहेब पेपरवाल्याला घेऊन आले. अर्ज न वाचताच खिशात घातला, माझ्याकडून वाटी मागून घेतली आणि हसत्या बायकांमध्ये उभं राहून फोटो काढवला. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो, खाली 'नव्या घरांत रहिवासी समाधानी'. बस आली नाही. रोज उशीर होतो म्हणून काकूचं काम त्याच महिन्यात सुटलं. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे. त्यात साहेबांच्या शेजारी सगळ्यात मोठ्यानं मीच हसते आहे.