दानातली स्कूटर

आमच्या घरात एक स्कूटर होती आणि तिला कुणी हात लावत नसे. गंगेकाठी, ब्रह्मा घाटाच्या वर, गल्लीतल्या एका घरात आम्ही भाड्याने राहत होतो. तळमजल्यावरच्या बोळात, जिन्याखाली, ती गोणपाटाखाली उभी असायची. शेजारच्या बायका पाण्याची कळशी घेऊन जाताना तिथे अंग चोरून घेत. घरमालकीण तर पदरही सावरायची.

बाबा वैदिक होते. नदीपलीकडे रामनगरला कापडाचं दुकान असलेले एक यजमान त्यांना फार मानत. त्यांचा तरुण मुलगा काविळीने आजारी पडला, तेव्हा बाबा रोज नावेने तिकडे जाऊन पाठ करत. मुलगा वाचला नाही. तेरावं झाल्यावर यजमान मुलाची स्कूटर घेऊन आमच्या दारात आले आणि हात जोडून म्हणाले, की ही दारात उभी दिसली की घरात घास उतरत नाही, तुम्ही ठेवून घ्या. बाबांना नाही म्हणवेना. गल्लीने मात्र लगेच निकाल दिला. मेलेल्याच्या वस्तू घेणं हे अंत्यविधी करणाऱ्या महापात्र ब्राह्मणांचं काम, घाटावरच्या वैदिकांनी असलं दान घेऊ नये. बाबांनी ते निमूट ऐकून घेतलं. त्यांनी स्कूटर वापरली नाही आणि विकलीही नाही. दान विकायचं नसतं, एवढंच म्हणाले. मी शाळेत होते तेव्हाची ही गोष्ट.

पुढे मी बीएस्सी झाले आणि मला रामनगरच्याच मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. हिवाळा-उन्हाळ्यात पाण्यावर तरंगणाऱ्या पिपांचा पूल असायचा, नावाही असायच्या. पाऊसपाणी सुरू झालं की पूल काढून ठेवत, गंगा फुगली की नावाही बंद. मग राजघाटच्या पुलावरून टेंपो, पलीकडे पडावच्या नाक्यावर उतरून दुसरा टेंपो. त्या टेंपोत दाटीवाटीने बसलेल्या पुरुषांचे कोपर आणि गुडघे मी एक पावसाळा सोसले. दुसऱ्या वर्षी पूल निघायच्या आधीच मी आईला सांगितलं, की खालची स्कूटर मी चालू करणार.

आई तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, “बाबांना विचार.”

“विचारणार नाही. सांगणार आहे.”

बाबा संध्या आटोपून आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी लोक काय म्हणतील ते सांगितलं; ते मला पाठ होतं. माझं लग्न व्हायचं आहे, हेही सांगितलं. मी त्यांना एकच विचारलं, “त्यांनी ती तुम्हाला वापरायला दिली होती की गंजायला?” बाबांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते पाठशाळेत निघून गेले. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. मला तेवढं पुरलं.

गोणपाट ओढलं तर आतून उंदीर पळाला. सीटच्या आत उंदरांनी संसार थाटला होता, एअर फिल्टरमध्ये चिंध्या आणि कापूस कोंबलेला. दोन्ही टायर बसलेले, रबराला भेगा. किक दाबायला गेले तर ती दगडासारखी. मैदागिनहून एक मिस्त्री बोलावला. त्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला, किकवर एकदा पाय ठेवला आणि माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, “गुरुजी, कबाड़ में दे दीजिए. इंजन जाम है.” बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी मिस्त्रीला चहा दिला आणि वाटेला लावलं.

टू-स्ट्रोक इंजिनाची आकृती मी वर्गात फळ्यावर काढत असे. पिस्टन, सिलेंडर, स्पार्क प्लग. प्रत्यक्षात पाना कधी धरला नव्हता. पण फळ्यावर जे खरं असतं ते जिन्याखाली खोटं कसं होईल, असा माझा हट्ट होता. प्लग काढला आणि त्या भोकातून रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं. रोज शाळेतून आले की किक हलते का ते बघायचं, हलली नाही की आणखी थोडं तेल. घरमालकीण वरून वाकून बघायची आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात राम राम म्हणायची.

एका संध्याकाळी किक बोटभर खाली गेली. मी तिला जबरदस्ती केली नाही. थोडी पुढे, थोडी मागे, असं करत पिस्टन सुटला. प्लगच्या भोकातून काळं तेल उडून माझ्या साडीवर आलं आणि मी तशीच वर जाऊन आईला ते दाखवलं. तिने साडीकडे बघून कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी तिने एका वाडग्यात चिंचेचा कोळ आणून जिन्याच्या पायरीवर ठेवला. तांब्या-पितळेची भांडी ती त्यानेच घासायची. गंजावर लावून बघ, म्हणाली, आणि माझ्या तेलाच्या डब्याला शिवून विटाळ होऊ नये म्हणून दोन पावलं मागे सरली. कोळाने हँडलवरचा बराचसा गंज निघाला.

टाकीत जुनं पेट्रोल आटून डिंकासारखं झालं होतं. टाकी उतरवली, आत रॉकेल आणि खडी घातली आणि मांडीवर घेऊन हलवत बसले, हात भरून येईपर्यंत. कार्बोरेटर उघडून पेट्रोलमध्ये भिजत घातला. त्याच्या जेटचं भोक सुईच्या टोकाहून बारीक, ते विजेच्या वायरीतला एक तांब्याचा धागा घालून मोकळं केलं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला. टायर, ट्यूब, केबल नवीन आणल्या. ब्रेक आणि क्लचच्या केबल घालताना बोटं सोलून निघाली.

या सगळ्यात काकू एक दिवस आल्या. बाबांच्या चुलतभावाच्या बायको, दोन गल्ल्या सोडून राहत. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की मेलेल्याच्या गाडीवर बसणाऱ्या मुलीला कुणी घरात घेणार नाही. मी म्हटलं, मुलगा काविळीने गेला, स्कूटरने नाही. त्या म्हणाल्या, तोंड फार चालतं तुझं. मी म्हटलं, आता स्कूटरही चालेल. आई मधे पडली आणि तिने त्यांना दही-पोहे खायला घातले.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं ते रविवारी सकाळी. किती किक मारल्या ते मोजलं नाही; घोटा सुजला होता. आधी एक खोकला, मग आणखी एक, मग बोळ निळ्या धुराने भरला आणि आवाज असा घुमला की घरमालकीण शिव्या देत खाली आली. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला नाही. धुरातून मला बाबा दिसले, पूजेचं ताम्हन हातात घेऊन दारात उभे. ते आत गेले नाहीत.

गल्लीतून चौखंब्यापर्यंत ढकलत न्यायची आणि तिथून पुढे बसायचं, असं शिकत शिकत मी चालवायला लागले. शाळेला न्यायच्या आधी मात्र एक काम उरलं होतं. ते यजमान रामनगरच्या बाजारातच होते. एखाद्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या त्यांच्या नजरेसमोरून मुलाची गाडी अचानक गेली असती, ते मला नको होतं. म्हणून मी आधी त्यांच्या घरीच गेले. परवानगी मागायला नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तरी मी चालवणारच होते, पण ते त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं.

यजमान बाहेर आले, स्कूटरकडे बघून ओट्यावर बसले. मी कोण ते सांगितलं. “चलाओ, बिटिया,” एवढंच म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. तेवढ्यात त्यांच्या बायको बाहेर आल्या. स्थूल, पांढऱ्या केसांच्या, डोक्यावरून पदर. मला वाटलं आता रडारड होईल. त्यांनी सीटवर हात ठेवला, ती गरम होती. मग विचारलं, मागे बसलं तर पडायला तर होत नाही ना.

नवरा म्हणाला, लोग क्या कहेंगे. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ओट्याचा आधार घेऊन त्या माझ्यामागे एका बाजूला बसल्या आणि माझी कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाजारातून, त्यांच्याच दुकानावरून, किल्ल्याकडच्या रस्त्याला मी त्यांना घेऊन गेले. लोक दुकानांतून माना बाहेर काढून बघत होते. वाटेत त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “हमको कभी बैठाया नहीं उसने. दोस्तों के सामने लजाता था.” किल्ल्यापाशी मी वळायला लागले, तर म्हणाल्या, अजून थोडं पुढे.

त्यानंतर ब्रह्मा घाटावर कोण काय म्हणालं ते मी मनावर घेतलं नाही. म्हणणारे म्हणत राहिले. त्या पावसाळ्यात मी रोज राजघाटच्या पुलावरून गेले, खाली गंगा लाल-तपकिरी होऊन पुलाच्या खांबांना धडका देत असायची. एकदा प्लग भिजून गाडी पुलाच्या मधोमध बंद पडली. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, मी प्लग काढून पदराने पुसला, परत बसवला आणि निघाले.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला बघायला पुण्याची मंडळी आली. मुलगा बँकेत होता, बरा वाटला. बोलणी चांगली चालली होती. मग मुलाच्या मामांनी बोळातली स्कूटर कुणाची ते विचारलं आणि काकूंनी ते सगळं सविस्तर सांगितलं, दानासकट. मामांनी माझ्याकडे बघून विचारलं, लग्नानंतर असली गाडी बंद करशील ना. मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले.

“ती चालवेल,” बाबा म्हणाले. “तुम्ही चहा घ्या, गार होतोय.”

मंडळींनी चहा घेतला. पुण्याहून नंतर काही निरोप आला नाही. आईने दोन दिवस अबोला धरला, माझ्याशी नव्हे, बाबांशी. सोमवारी सकाळी थंडी होती, गंगेवर धुकं होतं. चोक ओढून मी किक मारली, शेजारीण कळशी घेऊन भिंतीला चिकटली, आणि मी तिला थोडं बाजूला व्हायला सांगितलं.