जयवंत घाडीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान ज्या घरांकडे असतो, त्यांपैकी एका घरातला गुणाजी घाडी मुलुंडच्या चाळीत राहायचा. गाऱ्हाणं म्हणजे तसं सोपं काम. नारळ ठेवायचा, गावच्या देवाला हाक मारायची, जे हवं ते खणखणीत आवाजात मागायचं आणि जमलेल्या मंडळींनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. फक्त मागणं नेमकं हवं. देव शब्द धरून चालतो, असं गुणाजीचा बाप सांगायचा. गुणाजीने गाव सोडून गिरणी धरली आणि ब्याऐंशीच्या संपात गिरणीही गेली, पण आवाज शाबूत राहिला. चाळीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं पोर बोर्डाच्या परीक्षेला बसलं, की गुणाजीला बोलावणं ठरलेलं.

त्याचा मुलगा जयवंत नीलांबर रंग कारखान्याच्या टीममधून फुटबॉल खेळायचा. त्या काळी मुंबईत फुटबॉलवर पोट भरायचं तर ते असंच. कंपनी खेळासाठी नोकरीवर घ्यायची. सकाळी स्टोअरमध्ये डबे लावायचे, जेवण झालं की ग्राउंड. संपानंतर घरात येणारा पगार तो एकच, आणि तोही टेम्पररी. जयवंतबरोबर लागलेले दोघे-तिघे कायम झाले होते. हा आपला दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' ऐकून घरी यायचा आणि आईने वाढलेलं मुकाट्याने जेवायचा.

गुणाजीच्या मते याचं कारण उघड होतं. पोरगा गोलच घालत नव्हता. शेजारचा धोंडिराम रोज सकाळी पेपर घेऊन कठड्याशी उभा राहायचा आणि खेळाच्या पानावर नीलांबरचा निकाल शोधून मोठ्याने वाचायचा. नाव कायम सहदेवचं. सहदेव पुढे खेळायचा, देखणा होता, गोल झाला की दोन्ही हात पसरून पळायचा. जयवंतचं नाव पेपरात एकदाच आलं होतं, तेही पंचांनी ताकीद दिली म्हणून.

"तू मधी नेमका करतंस काय?" गुणाजीने एकदा विचारलं.

"मिडफिल्डला असतो बाबा. मागून बॉल घ्यायचा, पुढे द्यायचा."

"म्हंजे हमाली."

जयवंत हसला. वाद घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं आणि याच गोष्टीची गुणाजीला जास्त चीड यायची.

चौऱ्याऐंशी साली नीलांबरची टीम ऑफिसांच्या स्पर्धेत फायनलला पोचली. समोर अंधेरीची सागरदीप इंजिनीअरिंग, तगडी टीम. नीलांबरच्या साहेबांनी पोरांना गोळा करून सांगितलं, फायनलमध्ये जे चमकतील त्यांना कायम करू, बाकीच्यांनी दुसरीकडे बघायला हरकत नाही. साहेब हे हसत हसत म्हणाले, पण ऐकणाऱ्या टेम्पररींपैकी कुणी हसलं नाही.

त्या दिवशी सकाळी चाळीच्या चौकात गुणाजीने नारळ ठेवला. मॅचला जायला टेम्पो ठरवला होता, त्यामुळे मंडळी आयतीच जमली होती. जयवंत बॅग खांद्याला लावून जिन्यापाशी ओशाळून उभा होता. चाळ आपल्याकडे बघते आहे म्हटल्यावर याला जमिनीत शिरावंसं वाटायचं.

"बा देवा म्हाराजा," गुणाजीने आवाज लावला.

"व्हय म्हाराजा."

"आज माझ्या झिलाच्या, जयवंताच्या पायान गोल होवंदे..."

"व्हय म्हाराजा."

"तेका कायमची नोकरी गावांदे. तुका पाच नारळांचा तोरान बांधतंय रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

जयवंत तेवढा बोलला नाही. टेम्पोत चढताना शेवंतीने, त्याच्या आईने, नवऱ्याला बाजूला घेतलं. "अवो, तेचो उजवो गुडगो सुजलोहा. रातभर निरगुडीचो पालो बांधलेलंय. कोणाक सांगा नको म्हणालो."

गुणाजी कूपरेजच्या मैदानावर पोचला तो ही धास्ती घेऊन. इतर मॅचना तो बॉल बघायचा. बॉल वर गेला की मान वर, खाली आला की मान खाली. आज त्याला बॉलशी देणंघेणं नव्हतं. तो पोराच्या उजव्या गुडघ्यावर डोळे लावून बसला. पांढरी पट्टी बांधलेला तो गुडघा जिकडे जाईल तिकडे गुणाजीची नजर.

आणि मग त्याला कळेना की हे काय चाललं आहे.

गुडघा आधी जायचा आणि बॉल मागून यायचा. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला धुमश्चक्री चाललेली असायची, तिथे कुणाचं लक्षही नसेल अशा मोकळ्या जागेत जयवंत दोन-चार पावलं टाकून उभा राहायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा. गुणाजीच्या मनात यायचं, हा इथे काय करतो आहे? तोवर बॉल तीन जणांच्या पायांतून सुटून नेमका तिथे येऊन पडायचा. एकदा झालं तेव्हा गुणाजीला नशीब वाटलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा तो पुढे सरकून बसला. मग तो मुद्दाम अंदाज बांधू लागला आणि प्रत्येक वेळी चुकू लागला. सागरदीपची दोन धिप्पाड पोरं सहदेवला चिकटून पळत होती, सगळं मैदान सहदेवच्या नावाने ओरडत होतं, आणि मधे हा लंगडा पोरगा शांतपणे ठरवत होता की आता खेळ कुठे जाईल. हात वर केला की सगळी टीम डावीकडे सरकायची. थांबला की थांबायची.

गुणाजीच्या अंगावर काटा आला. तो मुलगा त्याच्या घरात वाढला होता, पाटावर त्याच्या शेजारी जेवायला बसत होता, आणि त्याच्यात हे एवढं काही आहे याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने शेवंतीचा हात धरला. चारचौघांत त्याने तसं कधी केलं नव्हतं.

"काय झाला? गुडगो दुखता काय तेचो?"

"गप रव. बघ. तेकाच बघ."

खेळ संपत आला तरी गोल नव्हता. तेवढ्यात मधेच अडवलेला एक बॉल घेऊन जयवंत निघाला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि थेट गोलसमोर पोचला. अख्खी चाळ उभी राहिली. धोंडिराम बेंबीच्या देठापासून ओरडला, "मार रे, मार!" गोलकीपर जयवंतच्या अंगावर धावून आला. पट्टी बांधलेला गुडघा वळला. गुणाजीला कळलं की हा मारणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा अंदाज बरोबर ठरला. बॉल हळूच आडवा गेला, तिथे सहदेव एकटा होता आणि समोर गोल रिकामा.

नीलांबर जिंकली. सहदेव हात पसरून पळाला, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. जयवंत खाली बसून पट्टी सोडत होता.

साहेबांनी सहदेवला कायम केलं, गोलकीपरलाही केलं. जयवंतला म्हणाले, गुडघ्याचं काय ते बघ आधी. चाळीत धोंडिरामने निकाल दिला की नवस फळला नाही, म्हणजे तोरणही लागू नाही. शेवंतीने देवाला दोन दिवस दिवा दाखवला तो रागानेच.

त्या आठवड्यात एक गृहस्थ चाळीत घाडींची खोली विचारत आले. सागरदीपचे कोच, विद्याधर. हरलेल्या टीमचा माणूस दारात बघून गुणाजी गोंधळला. चहा झाला.

"काका, जयवंतला आमच्याकडे द्या," विद्याधर म्हणाले. "गुडघ्याचं डॉक्टरांचं आम्ही बघू. पहिल्या दिवसापासून कायम."

गुणाजीला ते खरं वाटेना. नको ते बोलायची त्याला खोडच होती. "पन सायेब, तेना गोल घातल्यान नाय."

"मी दोन पोरं सहदेववर लावली होती," विद्याधर म्हणाले. "चुकलं माझं. ती तुमच्या पोरावर लावायला हवी होती. पण खरं सांगू? लावली असती तरी उपयोग झाला नसता."

पुढचं आधीच सांगून टाकायला हरकत नाही. जयवंत सागरदीपकडून पुढली काही वर्षं खेळला, एकोणनव्वदला गुडघ्याने कायमचं खाली बसवलं तोवर. तेवढ्या वर्षांत त्याने दिलेल्या बॉलवर सागरदीपच्या किती पोरांची नावं पेपरात आली, त्याला गणती नाही. त्याचं आलं नाही. धोंडिराम निकाल वाचायचा तेव्हा गुणाजी आतून विचारायचा, "बॉल कोणी दिलेलो, ता लिवलाहा?" लिहिलेलं नसायचं. मग तो चाळीला स्वतः सांगायचा, मैदानात जागा कशी धरली, मान कशी वळवली, सगळं हातवारे करून. लोक कंटाळायचे आणि तरी ऐकायचे.

पण तो रविवार, विद्याधर येऊन गेल्यानंतरचा. गुणाजीने पाच नारळ आणले, तोरण बांधलं आणि चाळ चौकात बोलावली. धोंडिराम कुरकुरला, "गोल झालोच नाय, तर तोरान कसला?" गुणाजीने त्याच्याकडे बघितलंही नाही. डोक्यावरची टोपी नीट केली.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"मिया घाडी. मागूचा माझ्या घराण्याचा काम. पन ह्या खेपेक मागताना चुकलंय. माझ्या झिलाक मिया वळाकलंय नाय."

गाऱ्हाण्यात असं कुणी बोलत नाही. गुणाजीने पुन्हा आवाज लावला.

"तू माझा आयकलंस नाय, बरा केलंस. आता नीट मागतंय. हेच्या फुडे जो कोन गोल घालीत, तो कोनाचोय झील असांदे, तेच्या पायाक माझ्या जयवंताचो चेंडू गावांदे रे म्हाराजा..."

कुणी काही म्हणायच्या आत जिन्यापाशी, बॅग खांद्याला लावून उभा असलेला जयवंत हळू आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."